मोठ्या पॅकेट्सनाही जलद वाट हवी

इथरनेटच्या एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मावतील, हे १९८० साली ठरले. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून त्या वर्षी इथरनेटचे जे तांत्रिक नियम प्रसिद्ध केले, त्यांत जाळ्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरला होता. त्या वेगाने पूर्ण भरलेले एक पॅकेट तारेवरून जायला सुमारे सव्वा मिलिसेकंद लागे. आज डेटा सेंटरमधल्या सर्व्हरला १०० गिगाबिटचे नेटवर्क कार्ड असणे ही नवलाई उरलेली नाही. वेग दहा हजार पटींनी वाढला, पॅकेटचा आकार मात्र बहुतेक ठिकाणी होता तेवढाच राहिला. परिणामी असे कार्ड पूर्ण क्षमतेने चालले, तर सेकंदाला सुमारे ८१ लाख पॅकेट्स येतात आणि प्रत्येकासाठी जेमतेम १२३ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत पॅकेट कुठून आले, कुठे जायचे आहे, सोडायचे की अडवायचे, हे सारे ठरवावे लागते. प्रोसेसरला मुख्य मेमरीतून एकदा काही वाचून आणायचे, तरी या अवधीतला मोठा वाटा खर्च होतो. माझे म्हणणे या हिशेबातून निघते: ज्या प्रणाली पॅकेट्स वेगाने हाताळल्याचा दावा करतात, त्यांनी मोठी पॅकेट्सही हाताळलीच पाहिजेत. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, सर्वांत जलद वाटेवर ही सोय यायला जवळजवळ सहा वर्षे लागली आणि आजही ती सर्वत्र पोचलेली नाही.

पॅकेट मोठे केल्याने काय साधते, हे जकात नाका पाहिलेल्या कुणालाही कळेल. ट्रकमध्ये दहा पोती असोत की शंभर, ट्रक थांबवायला, कागद तपासायला आणि नोंद करायला वेळ तेवढाच लागे. पॅकेट हाताळण्याचा बहुतेक खर्च असाच नगावर पडतो, वजनावर नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अल्टिऑन नेटवर्क्स या कंपनीने ९००० बाइटची 'जम्बो' फ्रेम पुढे आणली, ती याच कारणासाठी. फाइल सर्व्हरवरचा ८ किलोबाइटचा ठोकळा तिच्यात अखंड मावतो. १०० गिगाबिटच्या कार्डावर ८१ लाखांऐवजी साधारण १४ लाख पॅकेट्स हाताळावी लागतात आणि प्रत्येकासाठी सातशेहून जास्त नॅनोसेकंद हाती राहतात. तारेवरच्या जागेचीही बचत होते. टीसीपीच्या वाहतुकीत १५०० बाइटच्या पॅकेटमधून तारेच्या क्षमतेचा सुमारे ९५ टक्के भाग खऱ्या माहितीला मिळतो, ९००० बाइटच्या पॅकेटमधून ९९ टक्के. इथरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेने जम्बो फ्रेमला मानकात कधीच जागा दिली नाही, तरी वापर थांबला नाही. अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये ग्राहकाच्या खाजगी जाळ्यात ९००१ बाइटपर्यंतचे पॅकेट चालते, गूगल क्लाउडमध्ये ८८९६ बाइटपर्यंतचे. अॅमेझॉनची मुंबईतली सेवा २०१६मध्ये सुरू झाली. तिच्यावर आपली यंत्रे चालवणाऱ्या इथल्या कंपन्यांच्या हाती ही सोय आहेच.

त्याच वर्षी, २०१६मध्ये, लिनक्स ४.८ या आवृत्तीत एक्सडीपी आले. एक्सप्रेस डेटा पाथ हे त्याचे पूर्ण नाव. एरवी नेटवर्क कार्डाकडून पॅकेट आले की कर्नल त्याच्यासाठी एक मोठी नोंद तयार करतो, मेमरी मागतो आणि मग एकेक थर पार करत पॅकेट वर चढते. एक्सडीपीने हा क्रम बदलला. पॅकेट कार्डाच्या ड्रायव्हरपाशी पोचताच, नोंद वगैरे होण्याच्या आधी, वापरकर्त्याने लिहिलेला छोटा प्रोग्राम त्यावर चालतो आणि निकाल देतो: टाकून द्या, आल्या वाटेने परत पाठवा, दुसऱ्या कार्डाकडे वळवा किंवा नेहमीच्या वाटेने वर जाऊ द्या. हा प्रोग्राम चालवण्याआधी कर्नल त्याची कसून तपासणी करतो. पॅकेटच्या हद्दीबाहेरचा एकही बाइट तो वाचणार नाही, याची खात्री पटल्याशिवाय त्याला प्रवेश नाही. २०१८मध्ये याच प्रणालीवर जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात प्रोसेसरच्या एकाच कोअरवर सेकंदाला २ कोटी ४० लाख पॅकेट्स टाकून दिल्याचे मोजमाप आहे. फेसबुकने आपला कॅटरान हा लोड बॅलन्सर, म्हणजे येणारी पॅकेट्स अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारा प्रोग्राम, एक्सडीपीवरच बांधला आणि २०१८मध्ये सर्वांसाठी खुला केला. संकेतस्थळावर खोट्या मागण्यांचा मारा करून ते बंद पाडण्याचे हल्ले होतात, ते दारातच परतवण्यासाठी क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्या हीच वाट वापरतात.

हा वेग काही गृहीतकांवर उभा होता आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे हे, की एक पॅकेट म्हणजे मेमरीचे एक पेज. नेहमीच्या सर्व्हरवर पेज ४०९६ बाइटचे असते. त्यातले २५६ बाइट पुढच्या बाजूला मोकळे सोडायचे, कारण प्रोग्रामला पॅकेटपुढे नवा पत्ता जोडायचा असू शकतो. शेवटी सुमारे सव्वातीनशे बाइट कर्नलच्या स्वतःच्या नोंदीसाठी राखायचे. उरते ती साडेतीन हजार बाइटची जागा. पॅकेट सलग मेमरीत असल्यामुळे हद्द तपासणे सोपे होते: इथून सुरू, इथे संपले. सुरुवातीला ही मर्यादा घालणे योग्यच होते. ती घातली नसती, तर एवढी नवी गोष्ट कर्नलमध्ये शिरलीही नसती आणि तिचा वेगही सिद्ध झाला नसता. पण मर्यादेची किंमत कोण मोजत होते, तेही पाहायला हवे. जम्बो फ्रेम चालू असलेल्या कार्डावर एक्सडीपी प्रोग्राम लावायला गेले, की ड्रायव्हर सरळ नकार देई. अॅमेझॉनच्या यंत्रांवर तर विसंगती अगदी उघड होती. क्लाउड ९००१ बाइट द्यायला तयार, पण एक्सडीपी हवे असेल तर पॅकेटची कमाल लांबी साडेतीन हजारांच्या आत आणा. दुसरी किंमत कमी दिसणारी, पण जास्त पसरलेली. तारेवर पॅकेट १५०० बाइटचेच असले, तरी आजची कार्डे एकाच संवादातली लागोपाठची पॅकेट्स जोडून एक मोठे पॅकेट कर्नलच्या हाती देऊ शकतात, म्हणजे काम पुन्हा कमी होते. एक्सडीपी लावले की ही सोयही बंद करावी लागे. वेग वाढवायला आणलेले साधन वेग वाढवणारे दुसरे साधन काढून घेत होते.

हे कोडे सोडवण्याचे बरेचसे श्रेय रेड हॅट या कंपनीतल्या लोरेन्झो बियांकोनी आणि ईल्को शोड्रॉन या अभियंत्यांना जाते. २०२०मध्ये सुरू झालेल्या या कामाच्या तब्बल तेवीस आवृत्त्या झाल्या. जानेवारी २०२२मध्ये ते स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी लिनक्स ५.१८मधून सर्वांपर्यंत पोचले. कल्पना ऐकायला साधी आहे. पॅकेट एका पेजमध्ये मावत नसेल, तर पहिला तुकडा पूर्वीसारखाच पहिल्या पेजमध्ये ठेवा. पुढचे तुकडे कोणत्या पेजमध्ये आहेत याची यादी त्याच पेजच्या शेवटी, आधीच राखलेल्या जागेत लिहा. प्रोग्रामला पहिला तुकडा थेट वाचता येतो, पुढच्या तुकड्यांतले बाइट हवे असतील तर ते कर्नलकडून मागून घ्यायचे. तुकड्यांची यादी ठेवण्याची ही पद्धत कर्नलच्या नेहमीच्या वाटेवर पूर्वीपासून होती. ती जलद वाटेवर आणताना जलद वाट मंद होऊ द्यायची नाही, यातच सारे कौशल्य होते.

या कामातली एक छोटीशी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एक्सडीपीचे प्रोग्राम पॅकेटची लांबी काढायला एक वजाबाकी करतात: शेवटचा पत्ता उणे सुरुवातीचा पत्ता. किती माहिती गेली याचा हिशेब ठेवणारा, ग्राहकाला ठरवून दिलेली मर्यादा राखणारा, आकडेवारी गोळा करणारा, असे कितीतरी प्रोग्राम या वजाबाकीवर अवलंबून आहेत. पॅकेट तुकड्यांत आले, की हीच वजाबाकी फक्त पहिल्या तुकड्याची लांबी देते. ९००० बाइटचे पॅकेट जेमतेम साडेतीन हजारांचे भासते. कुठेही चूक दाखवली जात नाही, प्रोग्राम बंद पडत नाही, फक्त हिशेब खोटा होतो. म्हणून कर्नलने दोन गोष्टी केल्या. संपूर्ण लांबी सांगणारे वेगळे फंक्शन दिले. आणि आपल्याला तुकड्यांतली पॅकेट्स समजतात असे प्रोग्रामने स्वतःहून जाहीर केले नसेल, तर मोठ्या पॅकेट्सच्या कार्डावर त्याला पूर्वीप्रमाणेच नकार मिळेल, असा नियम केला. जुना प्रोग्राम गप्प राहून चुकीचा चालण्यापेक्षा त्याला दारातच अडवणे बरे. मूलभूत सॉफ्टवेअरमध्ये बदल करताना हीच शिस्त हवी आणि या कामाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या निर्णयामुळे.

यावर पहिला आक्षेप असा, की इंटरनेट १५०० बाइटचेच आहे आणि तसेच राहणार, मग मोठ्या पॅकेटची उठाठेव कशाला? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. वाटेत शेकडो संस्थांची यंत्रे असतात आणि एकाच दुव्याने मोठे पॅकेट नाकारले तरी संवाद अडतो. पॅकेट मोठे आहे, लहान पाठवा, हा निरोप परत येणे अपेक्षित असते. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने तो निरोपच अडवला, तर पॅकेट्स कुठे गेली याचा माग लावण्यात दिवस जातात. सार्वजनिक इंटरनेटवर जम्बो फ्रेम आणा, असे माझे म्हणणे नाहीच. पण एक्सडीपी ज्या यंत्रांवर चालते, ती बहुतेक डेटा सेंटरच्या आत आहेत. तिथे एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे, साठवणुकीच्या यंत्रांकडून गणन करणाऱ्या यंत्रांकडे प्रचंड वाहतूक चालते. दोन्ही टोके आणि मधली वाट एकाच मालकाची असते आणि मोठे पॅकेट चालवायचे की नाही हे त्याला एकट्याला ठरवता येते. शिवाय पॅकेट्स जोडण्याची कार्डाची सोय तारेवरच्या मर्यादेवर अवलंबूनच नाही. तारेवर १५०० बाइट असूनही कर्नलच्या हाती ६४ किलोबाइटचे पॅकेट येऊ शकते. म्हणजे ज्यांनी जम्बो फ्रेमचे नावही ऐकलेले नाही, त्यांच्यासाठीही हा प्रश्न लागू आहे.

दुसरा आक्षेप अभियंत्यांच्या तोंडी जास्त ऐकू येतो: तुकड्यांचा घोळ कशाला, प्रत्येक पॅकेटसाठी सलग १६ किलोबाइट घ्या आणि मोकळे व्हा. हिशेब करून पाहू. मोठ्या कार्डावर ६४ रांगा आणि प्रत्येक रांगेत १०२४ जागा असणे अगदी शक्य आहे. प्रत्येक जागेला ४ किलोबाइट दिले तर एकूण २५६ मेगाबाइट अडकतात, १६ किलोबाइट दिले तर पूर्ण एक गिगाबाइट. येणारे पॅकेट ६४ बाइटचे असले तरी १६ किलोबाइटची जागा तेच अडवून बसणार. त्यातही चार सलग पेज मिळणे ही हमखास गोष्ट नाही. सर्व्हर महिनोन्महिने चालू राहिला, की मेमरी भरपूर असूनही ती सुटी सुटी विखुरलेली असते. सलग जागेची मागणी मग नेमकी गर्दीच्या वेळी फसते. तुकड्यांची पद्धत किचकट आहे हे खरे, पण हा किचकटपणा एकदा कर्नलमध्ये लिहून संपतो. सलग मेमरीची उधळपट्टी प्रत्येक यंत्रावर रोज चालू राहते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला हलक्यात घेता येणार नाही. बहुतांश पॅकेट्स लहानच असतात, मग मोजक्या मोठ्या पॅकेट्ससाठी प्रत्येक लहान पॅकेटवर नवी तपासणी का लादायची? १० गिगाबिटच्या कार्डावर सर्वांत लहान पॅकेट्सचा मारा झाला, तर प्रत्येकासाठी ६७ नॅनोसेकंदच मिळतात. हल्ले असेच असतात. अशा वेळी प्रत्येक पॅकेटमागे मेमरीकडे जादा एक फेरी म्हणजे सारा हिशेब कोलमडला. तुकड्यांची यादी पेजच्या शेवटी असल्यामुळे हा धोका खराच होता, कारण यादीत काही आहे का हे पाहायलाच प्रोसेसरला तिकडे जावे लागले असते. उपाय असा निघाला, की पॅकेटचे सुरुवातीचे आणि शेवटचे पत्ते ज्या छोट्या नोंदीत असतात, तिच्यातच एक खूण ठेवायची: पुढे तुकडे आहेत की नाहीत. ती नोंद प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीत आधीच आलेली असते. खूण नसेल तर पेजच्या टोकाकडे फिरकायचेच नाही. लहान पॅकेटला पडणारा बोजा त्यामुळे नगण्य उरतो. कामाला तेवीस आवृत्त्या का लागल्या, याचे एक उत्तर अशा बारकाव्यांत आहे.

चौथा आक्षेप सोयीच्या अपुरेपणाचा आहे आणि तो मी बऱ्याच अंशी मान्य करतो. प्रोग्रामला थेट वाचता येतो तो पहिलाच तुकडा. पुढचे काही पाहायचे तर मागून, नक्कल करून घ्यावे लागते. पॅकेटच्या आतला मजकूर शोधत जाणाऱ्या कामांना हे महागात पडते. पण एक्सडीपीच्या वाट्याला येणारे बहुतेक निर्णय पत्त्यावरूनच होतात. इथरनेटचे १४ बाइट, आयपीचे २०, टीसीपीचे २०. सारे मिळून ५४ बाइट. त्यांवर आणखी एखादे वेष्टन चढले तरी शे-सव्वाशे बाइटच्या पुढे सहसा जावे लागत नाही. पॅकेट कुठल्या सर्व्हरकडे वळवायचे हे ठरवणाऱ्या लोड बॅलन्सरला उरलेल्या जवळजवळ नऊ हजार बाइटमध्ये काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. त्याला एवढेच हवे असते, की पॅकेट मोठे आहे म्हणून कुणी आपल्याला कामावरून काढू नये.

राहिला कर्नल पूर्णपणे टाळण्याचा मार्ग. डीपीडीके या प्रणालीत नेटवर्क कार्ड कर्नलच्या ताब्यातून काढून थेट प्रोग्रामच्या हाती देतात आणि एकापुढे एक बफर जोडून मोठी पॅकेट्स हाताळणे तिथे फार आधीपासून जमते. दूरसंचार कंपन्यांच्या खास यंत्रांसाठी हा मार्ग उत्तमच आहे. मात्र कार्ड कर्नलच्या हातून गेले, की कर्नलचे रूटिंग, फायरवॉल आणि वाहतूक तपासण्याची रोजची साधने त्या कार्डापुरती निरुपयोगी होतात. वाहतूक असो वा नसो, प्रोसेसरचे काही कोअर पॅकेटची वाट पाहत शंभर टक्के राबत ठेवायचे, अशी तिथली नेहमीची रीत आहे आणि विजेचे बिल त्याच हिशेबाने येते. एक्सडीपीचे मोल हे, की वेगही मिळतो आणि कर्नलही सोबत राहतो. ज्यांच्याकडे डीपीडीके सांभाळणारे तज्ज्ञ पदरी नाहीत, अशा विद्यापीठांना, सरकारी खात्यांना, लहान कंपन्यांना हाच मार्ग परवडणारा आहे. मोठ्या पॅकेट्ससाठी त्यांना दुसरीकडे जा असे सांगणे म्हणजे खुल्या, फुकट मिळणाऱ्या प्रणालीचा उत्तम भाग सधन कंपन्यांपुरता ठेवणे होय.

म्हणूनच ५.१८नंतरची चाल मला अपुरी वाटते. पहिला आधार मिळाला तो मार्वेलच्या चिपच्या ड्रायव्हरला. मग मोठ्या कार्डांचे ड्रायव्हर एकेक करून आले. पॅकेट थेट वापरकर्त्याच्या प्रोग्रामकडे नेणाऱ्या एएफ-एक्सडीपी या शाखेला ही सोय मिळायला २०२३मधली ६.६ ही आवृत्ती उजाडावी लागली आणि त्यामागे इंटेलच्या अभियंत्यांचे परिश्रम होते. अजूनही मोठे पॅकेट घेणाऱ्या कार्डाकडून ते न पाठवू शकणाऱ्या कार्डाकडे वळवले, तर ते तिथेच गळते. कोणता ड्रायव्हर काय करू शकतो हे कर्नलला विचारण्याची सोय २०२३च्याच ६.३ आवृत्तीपासून आहे. ती वापरून वितरकांनी आणि क्लाउड कंपन्यांनी आपल्या प्रत्येक कार्डाची क्षमता उघडपणे जाहीर करावी. ९००० बाइटचे जाळे विकणाऱ्या कंपनीने आपल्याच ड्रायव्हरमधून जलद वाटेवरही तेवढेच पॅकेट चालवून दाखवावे. आणि सर्व्हरची खरेदी करणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांनी निविदेत कार्डाच्या गिगाबिटच्या आकड्याशेजारी आणखी एक ओळ घालावी: एक्सडीपी प्रोग्राम लावलेला असताना ९००० बाइटची पॅकेट्स घेणे आणि पाठवणे, दोन्ही चालले पाहिजे.